दान नेमके कशाचे? : टेक्सासमधील जखमी सैनिकांच्या शिकारी आणि त्यांचे कागद

‘माझ्या रानात या, दोन दिवस राहा, एक हरीण मारा. पैसे नकोत.’ दक्षिण टेक्सासमधला एखादा रँचमालक पाय गमावून आलेल्या सैनिकाला असे आमंत्रण देतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा कसलाही हिशेब नसतो. आमंत्रण एका ओळीचे असते. पण ती ओळ प्रत्यक्षात उतरवायची तर सेवामुक्तीचा दाखला लागतो, अपंगत्वाच्या टक्केवारीचे पत्र लागते, शिकारीचा परवाना, हरणाचा टॅग, जोखीम स्वीकारल्याची सही, छायाचित्राची संमती आणि शेवटी मांस घरी नेताना सोबत ठेवायची चिठ्ठी लागते. सैनिक अजून नोकरीत असेल तर त्याच्या कार्यालयातल्या विधी अधिकाऱ्याचे मतही लागते.

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण पाठ असलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. देणारा राजी, घेणारा राजी, मग मध्ये एवढे कागद कशाला, असा प्रश्न मात्र पडेल. हे कागद एकेक करून वाचले की ध्यानात येते, की प्रत्येक कागद एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारतो आहे : यात देणाऱ्याचे असे काय आहे? हरीण त्याचे नाही. सैनिकाची जखम किती, हे त्याने ठरवायचे नाही. आणि ज्या गोष्टीचे दान तो करतो, तिला करकायदा दान मानायलाच तयार नाही. या कागदांच्या आधारे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

रान कुणाचे?

हा प्रघात टेक्सासमध्ये एवढा का रुजला, हे आधी पाहू. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक राज्यांत विस्तीर्ण जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. टेक्सासचे तसे नाही. तिथली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे. रँच म्हणजे गुरांसाठी राखलेले हजारो एकरांचे खासगी रान. १८५३ साली सुरू झालेली किंग रँच तर सव्वाआठ लाख एकरांची, म्हणजे ऱ्होड आयलंड या अख्ख्या राज्याहून मोठी. तेव्हा टेक्सासमध्ये शिकार करायची म्हटले की बहुतेक वेळा कुणाच्या तरी फाटकातून आत जावे लागते, आणि त्या फाटकाला किंमत असते. चांगल्या शिंगांच्या नराची शिकार काही हजार डॉलरना विकली जाते. अनेक रँचना आज गुरांइतकेच उत्पन्न हरणांपासून मिळते.

दुसरे कारण सॅन अँटोनियो शहर. तिथल्या लष्करी वैद्यकीय केंद्रात इराक आणि अफगाणिस्तानातून आलेले भाजलेले आणि अवयव गमावलेले सैनिक मोठ्या संख्येने दाखल झाले. या दोन युद्धांत जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या ५० हजारांच्या वर आहे. जानेवारी २००७ मध्ये याच आवारात ‘सेंटर फॉर द इंट्रेपिड’ हे पुनर्वसन केंद्र उघडले. त्यासाठी सुमारे सहा लाख अमेरिकी नागरिकांनी देणग्या दिल्या होत्या. शहरातून दक्षिणेला गाडी काढली की दोन-तीन तासांत मेस्किटच्या काटेरी झुडपांचा आणि निवडुंगांचा रँचचा मुलूख लागतो. एकीकडे महिनोन्‌महिने वॉर्डात पडून असलेले तरुण, त्यांतले कित्येक खेड्यांत शिकारीच्या वातावरणात वाढलेले. दुसरीकडे हरणांनी भरलेली राने. या दोघांची गाठ पडणे स्वाभाविक होते.

फाटक उघडण्यात मालकाला एक भीती असते. पाहुणा पडला, साप चावला, मचाण मोडले, तर? टेक्सासच्या दिवाणी कायद्याच्या ७५व्या प्रकरणात याचे उत्तर आहे. शेतजमिनीवर कुणाला करमणुकीसाठी, म्हणजे शिकार, मासेमारी, भटकंती यांसाठी मोफत येऊ दिले, तर मालकाची जबाबदारी विनापरवाना घुसलेल्या माणसाबद्दल असते त्याहून अधिक नसते. म्हणजे त्याने जाणूनबुजून इजा केली किंवा अक्षम्य हलगर्जीपणा केला, तरच तो सापडतो. तरीही आयोजक सैनिकाकडून जोखीम स्वीकारल्याचे पत्र घेतात आणि संस्थेचा विमाही उतरवतात. चाकाच्या खुर्चीसाठी मुद्दाम बांधलेला उतार कुजलेला आहे हे ठाऊक असून मालक गप्प बसला, तर हे प्रकरण त्याला वाचवेलच असे नाही.

जो मालक शिकारीसाठी पैसे घेतो, त्याला राज्याकडून स्वतंत्र परवाना काढावा लागतो. मोफत बोलावणाऱ्याला तो लागत नाही. दानाला कायद्याने दिलेली ही पहिली, छोटीशी ओळख.

हरीण कुणाचे?

आता दुसरा प्रश्न. जमीन मालकाची असली तरी तिच्यावर चरणारे पांढऱ्या शेपटीचे हरीण त्याचे नाही. इंग्लंडात रानातले सावज राजाचे किंवा जमीनदाराचे असे. अमेरिकेने ती प्रथा मोडली आणि वन्यप्राणी जनतेचे, राज्य त्यांचे विश्वस्त, असे तत्त्व धरले. त्यामुळे रँचमालकाने आठ फुटी कुंपण घातले तरी आतले हरीण टेक्सासच्या जनतेचेच राहते. किती मारायचे, केव्हा मारायचे, हे राज्याचे उद्यान व वन्यजीव खाते ठरवते. मालकाच्या हाती असते ती फक्त आत येऊ देण्याची मुभा.

म्हणून शिकाऱ्याकडे राज्याचा परवाना लागतोच, मग आमंत्रण कितीही मोठ्या मनाचे असो. परवान्याचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपते. छापील परवान्याला हरणांचे टॅग जोडलेले असतात. प्राणी पडला की लगेच टॅग कापायचा, त्यावरचा महिना आणि तारीख कातरून काढायची, रँचचे आणि काउंटीचे नाव शाईने लिहायचे आणि टॅग हरणाला बांधायचा. मागच्या बाजूच्या नोंदतक्त्यातही लिहायचे. टॅग न बांधता हरीण गाडीत घातले तर तो गुन्हा आहे.

मोठ्या रँचवर याहून वेगळी व्यवस्था असते. राज्याच्या हरीण-व्यवस्थापन योजनेत जमिनीची नोंद केली, की जीवशास्त्रज्ञांची गणना, चाऱ्याची स्थिती, नर-माद्यांचे प्रमाण यांवरून त्या जमिनीपुरती संख्या ठरते आणि तेवढे टॅग मालकाला मिळतात. हंगामही बराच लांबतो. हे टॅग माणसाशी नव्हे, जमिनीशी बांधलेले असतात. दानाच्या शिकारींना ही योजना सोयीची पडते, कारण नोव्हेंबरच्या गर्दीतली तारीख धरण्याची सक्ती राहत नाही. मात्र यातच दानाचा खरा खर्चही दिसतो. टॅग मोजके असतात. सैनिकाला दिलेला नराचा टॅग म्हणजे विकता न आलेली एक शिकार. म्हणूनच बऱ्याच दानाच्या शिकारी माद्यांच्या, किंवा कळपातून कमी करायच्या दुय्यम शिंगांच्या नरांच्या असतात. त्यात कमीपणा नाही, पण आमंत्रणाच्या पत्रात ते स्पष्ट लिहिलेले असावे. भिंतीवर लावण्याजोग्या शिंगांची आशा धरून हजार मैलांवरून आलेल्या माणसाला पहाटे लपणात बसल्यावर ‘फक्त मादी’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे.

इथे आपल्या ओळखीचे काही प्राणी भेटतात. टेक्सासच्या टेकड्यांच्या मुलखात १९३०च्या दशकात चितळ आणि काळवीट आणून सोडले गेले. किंग रँचवर १९२० ते १९४०च्या दशकांत नीलगाई आणल्या. विदर्भातला शेतकरी जिला रोही म्हणतो आणि रात्री शेतातून हाकलतो, तीच आज दक्षिण टेक्सासच्या किनाऱ्यालगत हजारोंच्या संख्येने चरते आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांच्या शिकारीला बंदी घातली. टेक्सासमध्ये ते ‘परदेशी’ ठरतात. त्यांना बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, टॅग नाही. जमीनमालकाची संमती आणि साधा परवाना पुरतो. गुरांच्या गोचिडतापाची गोचीड नीलगाई एका रँचवरून दुसऱ्या रँचवर नेतात, म्हणून त्या कमी झालेल्या मालकालाही हव्याच असतात. रानटी झालेल्या डुकरांचे नियम तर आणखी सैल आहेत. २०१९पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ती मारायला परवानाही लागत नाही. त्यामुळे आयोजकाचे कागद वेळेत जमले नाहीत, तर हरणाऐवजी डुक्कर किंवा नीलगाय हा मार्ग उरतो. एकच प्राणी एका देशात कायद्याने राखलेला आणि दुसऱ्या देशात पाहुण्याच्या हाती मोकळ्या मनाने देता येणारा. दान काय करता येते, हे प्राण्यावरून ठरत नाही. तो कोणत्या देशाच्या कागदावर कसा नोंदला आहे, यावरून ठरते.

जखम किती टक्के?

तिसरा गठ्ठा सैनिकाच्या बाजूचा. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे डीडी २१४, सेवामुक्तीचा दाखला. याच्या अनेक प्रती निघतात आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. ‘सदस्य १’ या संक्षिप्त प्रतीवर सैनिक सन्मानाने सुटला की नाही, हे छापलेलेच नसते. ते ‘सदस्य ४’ या प्रतीवर असते. चुकीची प्रत पाठवल्याने अर्ज परत येणे ही नेहमीची गोष्ट. वयस्क सैनिकांची अडचण वेगळी. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील सैनिकी अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक धारिका जळाल्या. त्यांत १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांचे कागद मोठ्या प्रमाणावर होते. कोरियाच्या युद्धात लढलेल्या एखाद्या आजोबांना आपण सैनिक होतो हे सिद्ध करायला पगाराच्या जुन्या नोंदी गोळा कराव्या लागतात. आयोजकाने लक्षात ठेवायची आणखी एक बाब : जुन्या दाखल्यांवर सामाजिक सुरक्षा क्रमांक छापलेला असतो. तो काळा करूनच प्रत पाठवावी, असे अर्जातच सांगितले पाहिजे.

दुसरा कागद माजी सैनिक खात्याचे टक्केवारीचे पत्र. सेवेमुळे आलेले अपंगत्व तिथे शून्यापासून शंभरापर्यंत दहा-दहाच्या पायऱ्यांनी मोजतात. ५० टक्के किंवा अधिक अपंगत्व, अथवा पाऊल वा पाय निकामी झालेला, आणि त्याबद्दल सरकारी भरपाई मिळत असलेला सैनिक असेल, तर टेक्सास त्याला शिकार आणि मासेमारीचा एकत्रित परवाना मोफत देते. तो टेक्सासचा रहिवासी असण्याची अटही नाही. यातला ‘५० टक्के’ हा निकष फार समंजस आहे. मेंदूला बसलेला हादरा, युद्धोत्तर मानसिक आघात, कानात अखंड वाजणारी शिट्टी या जखमा बाहेरून दिसत नाहीत, पण टक्केवारीत त्या मोजल्या जातात. दोन्ही पाय शाबूत असलेल्या माणसाला ‘तुला काय झालंय?’ असे विचारण्याची वेळ फाटकावरच्या कुणावर येत नाही. कागदाने ते आधीच सांगितलेले असते, आणि तपशील न उघडता सांगितलेले असते.

टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला सुरक्षिततेचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. सन्मानाने सुटलेल्या सैनिकांना त्यातून सूट आहे, पण ती सिद्ध करायलाही पुन्हा डीडी २१४च लागतो.

सैनिक अजून सेवेत असेल, रुग्णालयातून उपचार घेत असेल, तर तो सरकारी नोकर आहे आणि सरकारी नोकराने भेटी घेण्यावर बंधने आहेत. हजारो डॉलर किमतीची शिकार ही भेटच. लढाईत जखमी झालेल्यांसाठी अमेरिकी संसदेने या नियमाला अपवाद केला आहे. मात्र ठरावीक रकमेच्या वरच्या भेटीसाठी खात्याच्या आचारनीती अधिकाऱ्याने आधी पाहणी करावी लागते : देणारा परदेशी सरकारचा नाही ना, त्या बदल्यात काही सरकारी काम तर अपेक्षित नाही ना. संरक्षण खात्याशी कंत्राटाने जोडलेल्या कंपनीची रँच असेल, तर हा प्रश्न केवळ औपचारिक राहत नाही. आयोजकाने हे पत्र महिनाभर आधी मागावे, कारण ते ऐन वेळी मिळत नाही.

बंदूक कुणाच्या हाती?

याबद्दल बोलणे सगळ्यांना अवघड जाते. अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने काही व्यक्तींना बंदूक बाळगण्यास मनाई केली आहे : गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, न्यायिक निर्णयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेले किंवा मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केलेले, आणि १९९६च्या दुरुस्तीनंतर कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरलेले. अशा व्यक्तीला जाणूनबुजून बंदूक देणारा माणूसही गुन्हेगार ठरतो. रँचमालकाने प्रेमाने स्वतःची रायफल हाती दिली, तरी.

मानसिक आघाताचे निदान झाले म्हणून कुणाचा हक्क आपोआप जात नाही, हे इथे ठळकपणे सांगायला हवे. अनेक सैनिक याच गैरसमजाने उपचार टाळतात. म्हणून चांगल्या अर्जात ‘तुम्हाला मानसिक आजार आहे का?’ असा प्रश्न नसतो. ‘कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगण्यास मनाई आहे का?’ असा असतो. दोन प्रश्नांतला फरक काही शब्दांचा आहे. पहिला माणसाला संशयाने बघतो, दुसरा फक्त कायद्याला हवे तेवढेच विचारतो.

विमानाने येणाऱ्याची रायफल रिकामी, कडक आणि कुलूपबंद पेटीत, काउंटरवर जाहीर करून, सामानाच्या डब्यातूनच यावी लागते. खांदा जखमी असेल किंवा कान अधू असतील तर आवाज आणि धक्का कमी करणारी नळी वापरतात. पण १९३४च्या कायद्यानुसार ती नोंदणीकृत असते आणि नोंदणीधारकाने तिच्याजवळ हजर राहावे लागते. म्हणजे यजमानाची नळी वापरायची तर यजमानाला पहाटे चारला उठून लपणात बसणे भाग!

दान कशाचे?

वर्षअखेर मालकाचा हिशेबनीस विचारतो : चार हजार डॉलरची शिकार दिलीत, करातून वजा करायची का? उत्तर बहुधा ‘नाही’ असे असते आणि ते अनेकांना चकित करते.

अमेरिकी करकायद्यानुसार मालमत्ता वापरू देणे हे मालमत्ता देणे नव्हे. सुट्टीतले घर आठवडाभर एखाद्या संस्थेला वापरायला दिले, तर त्याच्या भाड्याची रक्कम वजा करता येत नाही. रानाचेही तसेच. मालकाने स्वतः वाटाड्या म्हणून घालवलेले दोन दिवसही वजावटीत येत नाहीत, कारण वेळ आणि सेवा यांना तिथे किंमत नाही. हरीण तर त्याचे नव्हतेच. मग वजा काय होते? खिशातून गेलेला प्रत्यक्ष खर्च : पाहुण्यांसाठी आणलेला किराणा, संस्थेला दिलेला रोख चेक, स्वयंसेवक म्हणून चालवलेल्या गाडीचे मैलामागे १४ सेंट. हेही संस्था नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तरच. थेट एका ठरावीक सैनिकाला दिले, तर कायद्याच्या नजरेत ती भेट आहे, धर्मादाय नाही. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगीला संस्थेची लेखी पोचपावती लागते. आणि संस्थेने पावतीवर ‘चार हजार डॉलरची शिकार’ असे मूल्य लिहून देऊ नये. मूल्य ठरवणे तिचे काम नाही.

हा नियम प्रथम रूक्ष वाटतो. पण त्याचा एक परिणाम चांगला आहे. करसवलतीच्या मोहाने फुगवलेल्या शिकारी यातून बाहेर राहतात. जो राहतो तो बहुतेक वेळा खरोखरच द्यायला आलेला असतो.

अर्जातले प्रश्न

आता नियोजन. जानेवारीतल्या शिकारीची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. तेव्हा व्यवस्थापन योजनेत जमिनीची नोंद करायची, मालकाकडून किती आणि कोणते प्राणी याचे लेखी पत्र घ्यायचे. ऑगस्टमध्ये अर्ज मागवायचे. सप्टेंबरमध्ये परवाने, ऑक्टोबरमध्ये रँचवर प्रत्यक्ष जाऊन पाहणी.

या पाहणीत अर्जातली माहिती हाताशी हवी, कारण ‘दिव्यांग’ या एका शब्दाने काहीच कळत नाही. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला थंडी पायांना लागल्याचे समजत नाही. त्याच्या बुटात उष्णतेच्या पिशव्या ठेवल्या तर भाजल्याचेही समजत नाही. तो एका जागी चार तास बसला तर त्वचेवर व्रण पडतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने भार हलवण्याइतकी जागा लपणात हवी. कृत्रिम पाय वापरणाऱ्याला रेताड जमीन आणि घाम या दोन्हींचा त्रास होतो. त्याला पाय उतरवून, पुसून पुन्हा बसवायला आडोसा हवा. मेंदूला हादरा बसलेल्याला लांब सूचना लक्षात राहत नाहीत, त्याला त्या कागदावर लिहून द्याव्यात. मानसिक आघात असलेल्याला कोण शेजारी झोपणार हे आधी सांगावे आणि पाठीमागून अचानक कुणी येऊ नये.

साधने आहेत. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी खुर्ची वाळूतून जाते. हात न चालणाऱ्यासाठी नळीत फुंकर मारून किंवा ओढून चाप ओढणारे यंत्र असते. दृष्टी गेलेल्या शिकाऱ्याला टेक्सासचा कायदा लेसरचा नेम वापरू देतो, सोबत डोळस परवानाधारक असेल तर. खासगी जमिनीत उभ्या गाडीतून हरीण टिपणेही कायदेशीर आहे. स्थलांतरित पक्ष्यांसाठी गाडीतून शिकारीला केंद्राची मनाई आहे, पण पाय गमावलेल्यांना आणि कमरेखाली लुळ्या झालेल्यांना उभ्या वाहनातून ती करता येते.

अर्जातला सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र यांपैकी कुठल्याच यंत्राचा नाही : ‘कोणती मदत तुम्हाला नको आहे?’ ज्याला स्वतःचे हरीण स्वतः सोलायचे आहे, त्याच्या हातून सुरी काढून घेणारा उत्साही स्वयंसेवक सगळी शिकार नासवतो.

शेवटी एक पान आणीबाणीचे. जवळचे रुग्णालय किती मैलांवर, हेलिकॉप्टर कुठे उतरेल, फाटकाचा सांकेतिक क्रमांक कोणता, मोबाइल कुठे लागतो. हे पान प्रत्येक गाडीत असावे.

गोळी सुटल्यानंतर

प्राणी पडला, टॅग लागला. आता मांस. सैनिकाने ते मित्राला किंवा अन्नदान करणाऱ्या संस्थेला दिले, तर सोबत एक कागद लागतो : कुणी, कुठे, केव्हा मारले, कुणाला काय दिले, त्याखाली सही. हरणांना होणारा एक प्राणघातक मेंदूचा रोग टेक्सासमध्ये प्रथम २०१२ साली सापडला. तो पसरू नये म्हणून मेंदू आणि पाठीचा कणा यांबाबत निर्बंध आहेत. अनेक राज्ये हाडे काढलेले मांस आणि स्वच्छ केलेली कवटीच आत येऊ देतात. सैनिकाच्या राज्याचा नियम आयोजकाने आधी पाहून ठेवायचा असतो.

याचे कारण १९०० सालचा लेसी कायदा. एका राज्याचा नियम मोडून मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेला, की तो केंद्रीय गुन्हा होतो. टॅगवर तारीख कातरायची राहिली, ही टेक्सासमध्ये किरकोळ चूक असेल. पण तेच हरीण सीमा ओलांडून गेले, तर प्रकरण केंद्राच्या कक्षेत जाऊ शकते. देश ज्याला वीर म्हणून बोलावतो, त्याला घरी परतताना गुन्हेगार ठरवायचे नसेल, तर टॅग भरायला सैनिकाशेजारी एकाने शांतपणे बसायला हवे.

छायाचित्र

एक कागद उरला, आणि माझ्या मते तोच सर्वांत जपून करायचा. छायाचित्राची संमती. हरणाशेजारी कृत्रिम पायासह बसलेला सैनिक : हे चित्र देणगीदारांपुढे ठेवले की पैसा येतो. म्हणूनच त्याचा गैरवापरही होतो. जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने आणि राज्यांनी मिळून सैनिकांच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट संस्थांविरुद्ध देशभर मोहीम जाहीर केली. नोंदणीकृत संस्थेला दरवर्षी आपले विवरणपत्र जनतेला पाहू द्यावे लागते. देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही ते पाहावे. संमतीचे पत्र शिकारीच्या अर्जापासून वेगळे असावे, आणि त्यावर ‘नाही’ लिहिणाऱ्याची शिकार रद्द होऊ नये. नाहीतर ती मोफत राहत नाही. तिची किंमत त्याच्या चेहऱ्याने वसूल झालेली असते.

हे सगळे वाचताना पुण्याजवळच्या खडकीची आठवण येते. जखमी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज् टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७मध्ये स्थापन झाली. १९७४पासून तिथेच अर्धांग लुळे झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. आपल्याकडेही अपंगत्वाची टक्केवारी ठरते, तीही ५०, ७५, १०० अशा पायऱ्यांवर नेऊन निवृत्तिवेतन काढतात, आणि त्या पायऱ्यांसाठी सैनिक वर्षानुवर्षे भांडतात. शिकार आपल्या कायद्यात बसत नाही, ती बसावी असेही नाही. पण एकदा शरीरावर विश्वास ठेवून काहीतरी अवघड करून पाहण्याची संधी देणे, ही गरज खडकीत आणि सॅन अँटोनियोत सारखीच आहे. शिकारीने मन बरे होते असे संस्था सांगतात. तिने उपचारांची जागा घेऊ नये. दोन दिवसांचे तेवढेच काम मानले तर ते खोटे ठरत नाही.

मग दान नेमके कशाचे? हरीण जनतेचे, जखम सरकारने मोजलेली, परवाना राज्याने दिलेला, रान वापरू दिले ते करकायद्याच्या लेखी शून्य. हे सगळे वजा केल्यावर मालकाकडे जे उरते, ते मोजायला कुठलाही फॉर्म नाही : पहाटे चारला उठणे, चहा करणे, लपणात अंधारात दोन तास न बोलता शेजारी बसणे, आणि समोर हरीण आले तरी ‘आता मार’ असे न म्हणणे. बाकीचे कागद यासाठी असतात, की या गोष्टीला जागा उरावी.